मनकर्णेची चौकट

नागपूरच्या रंगारीपेठेतल्या लोकांनी नंदिनीला आधी शिव्या घातल्या, मग वरपर्यंत तक्रारी केल्या आणि शेवटी चहाला बोलवायला सुरुवात केली. जुन्या वस्तीचं जतन करायला निघालेल्या माणसाच्या नशिबी हाच क्रम असतो. कालपर्यंत ज्या घरात तुम्ही खुशाल खिळे ठोकत होता, त्याच घराच्या ओसरीवर एक पोरगी फीत घेऊन उभी राहते आणि सांगते की ही खिडकी काढता येणार नाही, हा रंग चालणार नाही, आणि दुकानाची ती चकाकती पाटी तर मुळीच चालणार नाही. कोणाचंही डोकं फिरेल. पेठेत एक शेठ राहत, लकडगंजात त्यांचं ठोक दुकान होतं. त्यांच्या दर्शनी भिंतीला गुलाबी टाइल्स होत्या. त्या काढायची पाळी आली तेव्हा शेठ अगदी रडकुंडीला येऊन म्हणाले, "मॅडम, मेरे बाप ने लगवाये थे. उनकी आखरी निशानी है." नंदिनीने सगळं ऐकून घेतलं, शेठाणीने दिलेलं पाणी प्यायलं आणि टाइल्स काढायला लावल्या.

ती निष्ठुर नव्हती. उलट, नको इतकी मऊ होती, आणि ते तिचं तिला ठाऊक असल्यामुळेच तिने स्वतःला नियमाने बांधून घेतलं होतं. नियमही तिनेच लिहिलेला. पन्नास सालाच्या आधीचं जे आहे ते जुनं, ते राखायचं. त्यानंतर जे चिकटवलं, ठोकलं, फोडलं किंवा बुजवलं ती नंतरची ढवळाढवळ, ती दूर करून मूळ रूप परत आणायचं. साल ठरवताना जतन समितीत बराच काथ्याकूट झाला होता. कोणी सत्तेचाळीस म्हणत होतं, कोणी भोसल्यांच्या काळापर्यंत मागे जात होतं. नंदिनी म्हणाली, पन्नास धरू या, संविधान लागू झालं ते साल. यावर कोणाला काही बोलता येण्यासारखं नव्हतं. समितीतले सगळ्यांत ज्येष्ठ वास्तुकार श्रीधरकाका तर खूश होऊन टेबलावर थाप मारून गेले. घरी तिने वडिलांना सांगितलं. वडील पोस्टातून निवृत्त झालेले, पोरीचं तोंडावर कौतुक करायचं नाही अशी जणू शपथच घेतलेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "साल चांगलं निवडलंस." त्या एका वाक्यावर ती कितीतरी दिवस तरंगत होती.

पेठेच्या टोकाला मोठ्या घरांची रांग संपते आणि विणकरांची बोळ लागते. देवरावांचं घर त्या बोळीत शेवटचं. बोळीतली बाकीची घरं केव्हाच सिमेंटची झाली होती, पण या घराला अजून कौलं होती आणि दाराला सागवानी चौकट होती. देवरावांचे आजोबा लकडगंजच्या आरागिरणीत कामाला होते. जन्मभर दुसऱ्यांसाठी सागवान कापणाऱ्या या माणसाच्या मनात एकच हौस होती, की पेठेतल्या मोठ्या घरांना आहे तशी चौकट आपल्या दाराला असावी. पेठेतला सुतार या बोळीत पाय ठेवायला तयार नव्हता. मग आजोबांनी गिरणीतच एकाकडून हुबेहूब तशी करून घेतली. तीच वेलबुट्टी, तेच पोपट, वरच्या पट्टीवर मधोमध तसाच गणपती.

पण नंदिनी पहिल्यांदा आली तेव्हा तिथे गणपती नव्हता. वीतभर जागा खरवडून काढलेली होती. घाव वेडेवाकडे होते, डावीकडे खोल, उजवीकडे उथळ, आणि एक लांब चीर पार पोपटाच्या शेपटीपर्यंत गेलेली. तिने सवयीने वर बोट केलं आणि विचारलं, "हे कशानं झालं, काकाजी?"

देवराव तेव्हा ओसरीवर बसून पालेभाजी निवडत होते. कापडगिरणीतून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला होता. अंगाने वाळकुडे, पण आवाज खणखणीत. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"माह्या मायनं केलं ते," ते म्हणाले. "मनकर्णा नाव तिचं. छप्पनमधी आमी दीक्षा घेऊन घरी आलो. सगळे पांढऱ्या कपड्यात. मी आठ वर्षांचा असन. घरातले देव बाबानं फडक्यात बांधले अन् नदीत सोडून आला. पण हा तं लाकडातला, हा कसा सोडन? बाबा पटाशी घेऊन उभा राह्यला, अन् त्याचा हातच उठेना. चौकट त्याच्या बापानं करवलेली ना! आजा समोर बाजेवर बसून होता. मंग मायनं बाबाच्या हातातून पटाशी घेतली. पाण्याची घडवंची ओढली अन् मले म्हणे, धर रे पोरा, हलू देऊ नको. अन् चढली वर. उभ्या जन्मात तिनं पटाशी धरली नव्हती. हे पाहा, इथं घसरली. इथं तिच्या बोटाले लागलं."

"आणि आजोबा काय म्हणाले?"

"काही नाही. माय खाली उतरली तं त्यानं सारे ढलपे येचून घेतले अन् सांजच्याला तोच नदीवर घेऊन गेला. त्याच्या मनातलं त्याच्यापाशी. पण सुनेले एक शब्द नाही बोलला कधी."

देवराव उठून चौकटीपाशी आले. त्यांनी हात वर केला आणि त्या खरवडलेल्या जागेवर सहज ठेवला. "मायचा एक फोटो नाही, नंदिनीबाई. सही येत नव्हती, अंगठा मारे. लुगडं म्हणा, भांडं म्हणा, काहीच राह्यलं नाही. तिच्या हातचं जगात येवढंच आहे. तुमी भिंती रंगवा, कौलं बदलवा, मी काही म्हणत नाही. हे फक्त राहू द्या."

आतून त्यांच्या बायकोचा, भीमाबाईचा आवाज आला. "त्याले हात लावल्याबिगर भाईर नाही पडत हे! इतकं वय झालं, पण मायचा पदर काही सुटला नाही यायच्यानं."

"तू चूप बस वं," देवराव म्हणाले, आणि हसले.

नंदिनीचे डोळे भरून आले होते. हे सगळं तिच्या घरातही घडलेलं होतं, फक्त कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या वडिलांनी धरमपेठेत भाड्याचं घर घेतलं तेव्हा मागचं बरंच काही मागेच ठेवलं होतं. ती म्हणाली, "राहील, काकाजी. मी आहे ना."

असं बोलताना माणूस मनापासून बोलतो. अडचण एवढीच की नंदिनीने आपलाच नियम त्या वेळी मनात आणला नाही. पन्नास आणि छप्पन यांच्या मध्ये सहा वर्षं असतात, हा हिशेब पहिलीतल्या पोरालाही जमतो. तिला तो तेव्हा सुचला नाही.

तो समितीला सुचला. पेठेचं काम संपत आलं होतं आणि लवकरच पुण्याहून तपासणीचं पथक येणार होतं. त्यांनी होकार दिला की रंगारीपेठेला जतन केलेली वस्ती म्हणून दर्जा मिळणार होता; मग कौलांना, गटारांना, दिव्यांना सगळ्यालाच निधी येणार होता. शेवटच्या बैठकीत एकेका घराचं उरलेलं काम वाचून दाखवलं गेलं. शेवटच्या घरापाशी आल्यावर अध्यक्ष म्हणाले, "इथे चौकटीवरचं कोरीव काम गेलंय. नियमाप्रमाणे पेठेतल्या दुसऱ्या चौकटीवरून नक्कल करून गणपती बसवून टाकू."

"तिथे काहीच करायचं नाही," नंदिनी म्हणाली. "ते बौद्ध कुटुंब आहे. ती जागा त्यांच्या आईने तासलेली आहे, दीक्षेच्या दिवशी."

"पण म्हणजे पन्नासनंतर," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. त्यांनी आपलं साल मोजलं होतं.

"ते वेगळं आहे सर. तो इतिहास आहे."

"आणि त्या शेठच्या टाइल्स?" कोणीतरी विचारलं. "तेही बापाची निशानी म्हणत होते. आता ते कोर्टात गेले तर आपण काय सांगायचं? की मॅडमनी एकाची निशाणी काढली आणि एकाची ठेवली?"

खोलीत कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. पण नंदिनीला वाटलं की सगळे पाहताहेत. आपल्या लोकांचं काम आलं की हिचा नियम वाकतो, असं कोणी म्हणू नये म्हणून ती नोकरीच्या पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून जपत आली होती. मनकर्णाबाई घडवंचीवर कशी चढली, आठ वर्षांच्या पोराने ती कशी धरून ठेवली, यातलं काही त्या गार खोलीत तिच्या तोंडून निघालं नाही.

श्रीधरकाकांनी घसा साफ केला. हा माणूस मनाने चांगला होता, आणि त्या दिवशी तेच महागात पडलं. "हे बघ नंदिनी," ते म्हणाले, "गणपती बसवणं चूकच आहे. मी त्याला सही देणार नाही. पण ती जागा तशी ठेवली तर उद्या पर्यटक येतील, विचारतील, कोणीतरी फोटो काढून फोडलेला गणपती म्हणून फिरवेल. मग त्या म्हाताऱ्याच्या दारात दगड येऊन पडले तर? आपण तिथे कमळ बसवू. कमळ त्यांनाही चालतं, चौकटीलाही शोभतं. कोणाचंच मन दुखणार नाही."

दगडांचं ऐकून नंदिनी घाबरली, आणि ती भीती खोटी नव्हती. शिवाय गणपती टळला होता. सगळे माना डोलावत होते, अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. काही नाही तर निदान एवढं तरी मिळवलं, असं तिला वाटलं. तिने कमळाला होकार दिला. कमळाचं चित्रही तिने स्वतःच काढून दिलं, आठ पाकळ्यांचं, खूप जीव लावून.

देवरावांना सांगायला ती त्यांच्या घरी गेली तर दाराला कुलूप होतं. भीमाबाईच्या छातीत दुखू लागलं म्हणून तिला धंतोलीच्या एका दवाखान्यात नेलं होतं, आणि हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. नंदिनी तिथे पोचली. बाहेरच्या बाकड्यांवर यवतमाळपासून गोंदियापर्यंतची माणसं डबे, पिशव्या, चादरी घेऊन बसली होती. त्यांच्यात देवराव एका टोकाला बसले होते. त्यांच्या मांडीवर भीमाबाईच्या चपला होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या.

"जय भीम, काकाजी."

"जय भीम, पोरी. तू काहून आली इतक्या दूर?" त्यांनी सरकून जागा दिली. "आत नेलं आहे तिले. डॉक्टर म्हणते काही होत नाही. मले तं काही समजून नाही राह्यलं. पोरगा भिलाईहून निघाला आहे."

ती त्यांच्याशेजारी बसली. काय सांगायचं ते तिने रिक्षात तीनदा मनात घोळवलं होतं. पण त्या चपला पाहून तिला काही बोलवेना.

थोड्या वेळाने देवरावांनीच विचारलं. बहुधा दुसरं काहीतरी बोलायला हवं म्हणून. "काम कसं चालू आहे पेठेतलं? आपल्या चौकटीले तं धक्का नाही ना?"

"नाही काकाजी," नंदिनी म्हणाली. "सांभाळून चाललंय सगळं."

ते खोटं होतं. तिने स्वतःची समजूत घातली की या घडीला हे सांगणं म्हणजे पाप आहे, ते घरी आले की नीट बसून सांगू, कमळ पाहिल्यावर त्यांना पटेलही. तपासणीचा दिवस तोंडावर आला होता. काम थांबवायला तिच्याकडे कारण होतं, पण ते कारण तोंडाने सांगावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी जतनाच्या कामावरचा बापूजी सुतार पटाश्या घेऊन बोळीत आला.

बापूजीचा हात सफाईदार होता. त्याने तासलेला भाग चौकोनी कापून काढला, त्या खाचेत जुन्या सागवानाचा तुकडा बसवला आणि त्यावर कमळ कोरलं. मग तेल, मेण आणि काजळी चोळून चोळून असा रंग जमवला की जोड कुठे आहे ते बोटालाही कळू नये. नंदिनी समोर उभी राहून पाहत होती. कमळ खरंच सुंदर झालं होतं. तिला आनंद झाला, हेही सांगायला हवं.

भीमाबाई वाचली. देवराव तिला रिक्षाने घरी घेऊन आले, तेव्हा नंदिनी फळं घेऊन दारात उभी होती. त्यांनी एका हाताने बायकोला आधार दिला होता आणि नजर पायरीवर ठेवली होती. बायकोचा पाय पायरीवर पडला आणि देवरावांचा मोकळा हात आपसूक वर गेला, चौकटीच्या मधोमध. तो तिथे थांबला. मग बोटं थोडी डावीकडे सरकली, थोडी उजवीकडे. अंधारात दिव्याचं बटण शोधतात तशी ती फिरत राहिली. तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

"काय झालं?" भीमाबाईने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"काही नाही. चाल तू. पायरी सांभाळ."

त्यांनी तिला आत नेऊन निजवलं. पंखा लावला, औषधं कोनाड्यात मांडली. मग नंदिनीसाठी पाण्याचा पेला भरून ते बाहेर आले. नंदिनीने सगळं सांगितलं. गणपती बसवणार होते ते, शेठच्या टाइल्सचं, दगडांचं, दवाखान्यातलं खोटंही. ती भराभर बोलत होती आणि देवराव ऐकत होते. तिचं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"जे कापून काढलं, ते लाकूड कुठं आहे?"

नंदिनीने हातातला पेला ओसरीवर ठेवला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. जुन्या घरातली कौलं, खुंट्या, कड्या तिने खोल्या भरभरून जपून ठेवल्या होत्या, त्या कुठून निघाल्या त्याच्या चिठ्ठ्या लावून. या तुकड्याला ठेवा म्हणायला ती विसरली होती. का, तर नियमाच्या लेखी ते जुनं नव्हतंच. तिने तिथूनच बापूजीला फोन लावला.

"कोणतं मॅडम? ते खरवडलेलं?" बापूजी म्हणाला. "ते तं चुलीत गेलं असन. आमच्या चहाले रोजचा भुसा-ढलपा त्यातच जाते. काहून, पाहिजे होतं का?"

तरीही ती गेली. पेठेच्या मागच्या मोकळ्या जागेत सुतारांनी तीन विटांची चूल मांडली होती. नंदिनीने काडीने राख उकरली, मग हातानेच उकरली. बापूजी ओशाळून बाजूला उभा होता, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं आणि त्याची काही चूक नव्हती. राखेत दोन खिळे निघाले. ती परत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत राखेने माखले होते, आणि देवरावांना विचारावं लागलं नाही.

"मी तिथे पाटी लावते, काकाजी," ती म्हणाली. "पितळेची. मनकर्णाबाईंचं नाव, दीक्षेचा दिवस, सगळं लिहिते. कोणी नाही म्हणालं तरी लावते."

"पाटी तुह्या हातची होईन, पोरी," देवराव म्हणाले. "तिच्या हातचं गेलं."

"मला रागवा ना हो. काहीतरी बोला."

देवरावांनी चौकटीकडे पाहिलं. "दुसऱ्या कोणी केलं असतं तं भांडलो असतो," ते म्हणाले. "बोळीतली सारी पोरं घेऊन तुमच्या ऑफिसात बसलो असतो. तू तं आपली आहेस. अन् कमळ लावलंस, चांगल्या मनानंच लावलंस. मी कोणावर रागवू सांग?" त्यांनी ओसरीवरचा पेला उचलला, तिच्या हातांवर पाणी ओतलं आणि आपल्या पंच्याने तिचे हात पुसून दिले. नंदिनी तिथे ओसरीवर बसून लहान पोरीसारखी रडली. ते तिच्याजवळ बसून राहिले.

पुढच्या आठवड्यात तपासणीचं पथक आलं. त्याची प्रमुख नूपुर नावाची बाई होती. चाळिशीची, चटपटीत, डोळ्यांनी सगळं टिपणारी. पेठ सजली होती. ओसऱ्या सारवल्या होत्या, रांगोळ्या घातल्या होत्या, शेठनी तर पोहे आणि संत्र्याची बर्फी ठेवली होती. नूपुरने प्रत्येक चौकट हात लावून पाहिली आणि खुल्या मनाने वाखाणली. श्रीधरकाकांच्या चेहऱ्यावरून आनंद लपत नव्हता. मग सगळे विणकरांच्या बोळीत शिरले.

देवराव ओसरीवर बसले होते. पाहुणे पाहून उठले, नमस्कार केला. नूपुर चौकटीपाशी थांबली. तिने मान वाकडी करून वर पाहिलं.

"हे वेगळं आहे," ती म्हणाली. "सगळीकडे गणपती, इथे कमळ." ती देवरावांकडे वळली. आतल्या भिंतीवरचा बुद्धाचा फोटो तिला दारातून दिसला होता. "आजोबा, मी ऐकलंय की छप्पनमध्ये नागपुरात काही घरांनी चौकटीवरचे देव स्वतःच्या हातांनी तासून काढले होते. तशी एक तरी चौकट पाहायला मिळावी म्हणून मी किती ठिकाणी फिरले. कुठेच उरलेली नाही. लोकांनी घरं पाडली, नाहीतर वरून काहीतरी बसवून टाकलं. इथे तसं काही होतं का?"

श्रीधरकाकांनी नंदिनीकडे पाहिलं. आता हो म्हटलं तर जतनाच्या नावाखाली समितीनेच ती खूण कापून काढली हे उघड होणार होतं, पेठेचा दर्जा हुकणार होता, तिची नोकरीही कदाचित जाणार होती. पण त्यापेक्षाही मोठं काहीतरी होतं आणि ते तिला स्पष्ट कळत होतं. मनकर्णाबाईने जे केलं तेच शोधत कोणीतरी या दारात आलं होतं, सत्तर वर्षांत पहिल्यांदा. आता सांगायलाच हवं होतं. ती एक पाऊल पुढे झाली. "मॅडम, इथे..."

"नाही जी," देवराव म्हणाले.

त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. ते नूपुरकडे पाहत होते. नंदिनीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"आमच्या इथं तसं काही नव्हतं. हे कमळच आहे, पहिल्यापासून. माह्या आज्यानं करून घेतलं."

"म्हणजे तुमच्या लहानपणीही हेच होतं?"

"हो. माह्या मायनं बी हेच पाह्यलं. कोणी हात नाही लावला याले."

नूपुरने मान हलवली. तिने कमळावरून बोट फिरवलं, कोरीव कामाची तारीफ केली आणि फोटो काढला. "किती जपलंय तुम्ही," ती देवरावांना म्हणाली. श्रीधरकाकांनी लगेच पुढची माहिती सांगायला सुरुवात केली आणि मंडळी बोळीतून परत वळली.

नंदिनी जागची हलली नाही. आठव्या वर्षी ज्या आईसाठी त्यांनी घडवंची धरून ठेवली होती, त्या आईला या माणसाने आत्ता चार लोकांसमोर आपल्याच तोंडाने पुसून टाकलं होतं, आणि ते नंदिनीसाठी. अजून वेळ होता. पाहुणे हाकेच्या अंतरावर होते. तिने धावत जाऊन सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. तिने देवरावांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते.

"काकाजी, काहून असं केलं तुम्ही?"

"जा पोरी," ते म्हणाले. "पाहुणे थांबले आहेत तुह्यासाठी."

ती गेली.